दहावी-बारावीनंतरचा कॉलेज प्रवेश: कोल्हापूरच्या पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवेशाच्या दिवसांत कोल्हापुरातील अनेक घरांत कामाची वाटणी उलटी झालेली आढळते. कोणती शाखा घ्यायची आणि कोणते कॉलेज पहिले लिहायचे, हे आई-वडील, मामा आणि भावकीतील एखादे इंजिनिअर मिळून ठरवतात. दाखले काढणे, मुदती पाहणे आणि फॉर्म भरणे ही कामे मात्र मुलाच्या आणि नेट कॅफेवाल्याच्या हाती सोपवली जातात. पुढील उत्तरे ही वाटणी सरळ व्हावी या हेतूने लिहिली आहेत. नियमांचे तपशील दरवर्षी थोडेफार बदलतात, त्यामुळे त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका पालकांनी स्वतः वाचणे आवश्यक आहे.

मुलाने काय शिकावे हे ठरवण्यात आमचा वाटा किती असावा?

पैसा किती लावता येईल आणि घरापासून किती दूर पाठवता येईल, या दोन मर्यादा आखण्याचा अधिकार पालकांचा आहे, आणि त्या मर्यादा दहावीच्या सुट्टीतच मोघम न बोलता आकड्यांत सांगितलेल्या बऱ्या. "बघू, काहीतरी करू" असे म्हणत राहायचे आणि बारावीच्या निकालानंतर "एवढे पैसे कुठून आणायचे?" असे विचारायचे, हा मुलांवर अन्याय आहे. या मर्यादांच्या आतील निवड मात्र मुलाने किंवा मुलीने करावी.

ती निवड माहितीवर आधारलेली असावी, यासाठी पालक बरेच काही करू शकतात. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत ओळखीचे कोणीच नाही असे घर कोल्हापुरात सापडणे अवघड आहे. मेकॅनिकल घ्यायचे म्हणणाऱ्या मुलाला एक दिवस फौंड्रीत उभे करावे. मोल्डिंग कसे होते, कास्टिंग का बाद होते, मशीन शॉपमध्ये कोण काय काम करते हे त्याने पाहावे. वकील व्हायचे म्हणणाऱ्या मुलीला एखाद्या वकिलांच्या परवानगीने दिवसभर न्यायालयात बसू द्यावे. असा एक दिवस कल चाचणीच्या अहवालापेक्षा अधिक सांगून जातो. कल चाचणी निरुपयोगी आहे असे नाही, पण तिचा निष्कर्ष हा बोलण्याला सुरुवात करण्यापुरता धरावा.

अकरावी सायन्सला गणित घ्यावे, जीवशास्त्र घ्यावे की दोन्ही?

मुलाचा कल स्पष्ट नसेल तर दोन्ही विषय ठेवणे सुरक्षित वाटते, परंतु त्याची किंमत अभ्यासाच्या वेळात मोजावी लागते. इंजिनिअरिंग नक्की असेल तर संगणकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्ससारखा बायफोकल विषय घेता येतो. हा विषय २०० गुणांचा असतो आणि तो घेतल्यावर दुसरी भाषा व आणखी एक विषय सुटतो. मात्र तो सुटणारा विषय बहुधा जीवशास्त्र असतो, आणि मग नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा रस्ता बंद होतो. बायफोकल घेतल्यानंतर बारावीत "आता मेडिकलला जायचंय" म्हणणारी मुले दरवर्षी भेटतात.

अकरावीचा ऑनलाइन प्रवेश आता आपल्याकडेही आहे का?

होय. पूर्वी काही मोठ्या शहरांपुरती असलेली ही केंद्रीय ऑनलाइन पद्धत २०२५-२६ पासून संपूर्ण राज्यात लागू झाली, त्यामुळे राधानगरी किंवा चंदगडच्या कनिष्ठ महाविद्यालयालाही याच मार्गाने जावे लागते. पसंतीची दहापर्यंत महाविद्यालये क्रमाने लिहिता येतात. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले आणि तेथे प्रवेश घेतला नाही, तर पुढील नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाहेर पडतो. म्हणून "नाव तर मोठं आहे, टाकून बघू" अशा भावनेने पहिला क्रमांक भरू नये.

क्लासशी जोडलेले इंटिग्रेटेड कॉलेज घ्यावे का?

घ्यायचेच असेल तर तेथे प्रयोगशाळा प्रत्यक्ष चालते का, एवढे पाहून घ्यावे. राज्य मंडळाच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राच्या प्रत्येकी १०० गुणांपैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. ते गुण "मिळून जातात" असे क्लासवाले सांगतात, आणि बहुधा मिळतातही; पण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला व्हर्निअर हातात धरता न येणारी मुले येतात, त्याचे कारण येथे आहे.

बारावीच्या गुणांना आता किंमत उरली नाही, हा समज पूर्ण खरा नाही. इंजिनिअरिंगसाठी भौतिकशास्त्र, गणित आणि तिसऱ्या ठरावीक विषयात मिळून खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गांना ४० टक्के लागतात, नीटसाठी हेच प्रमाण ५० आणि ४० टक्के असे आहे, तर आयआयटी आणि एनआयटीला बारावीत ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ६५ टक्के) किंवा आपल्या मंडळातील वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान लागते.

मुलाला क्लाससाठी लातूर किंवा राजस्थानातील कोटा येथे पाठवावे का?

शिकवण्याच्या दर्जाविषयी येथे मत देत नाही. प्रवेशाच्या नियमांवर होणारा परिणाम तेवढा सांगतो, कारण तो पाठवणाऱ्यांपैकी अनेकांना ठाऊक नसतो.

महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या ८५ टक्के राज्य कोट्यातून प्रवेश हवा असेल, तर काही मोजके अपवाद वगळता दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून उत्तीर्ण झालेल्या असाव्या लागतात, शिवाय अधिवासाचा दाखलाही लागतो. कोटा शहरातील क्लासने तिथल्याच एखाद्या शाळेत नाव घालून दिले आणि बारावी राजस्थानातून झाली, तर कोल्हापूरच्या राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासह राज्यातील सगळ्या शासकीय महाविद्यालयांतील राज्य कोट्याच्या जागा त्या मुलाच्या हातून जातात. उरतो तो १५ टक्क्यांचा अखिल भारतीय कोटा.

लातूर राज्यातच असल्याने हा प्रश्न तेथे येत नाही. इंजिनिअरिंगच्या बाबतीत मात्र बारावी कोठून झाली यावर होम युनिव्हर्सिटी, म्हणजे विद्यार्थी ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रातला धरला जातो ते विद्यापीठ, ठरते. कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे शिवाजी विद्यापीठाचे क्षेत्र आहे. लातूर त्यात येत नाही. त्यामुळे लातूरहून बारावी करून परत आलेला कोल्हापूरचा मुलगा इथल्या अनेक खासगी कॉलेजांत कागदोपत्री बाहेरचा ठरू शकतो.

दहावीनंतर डिप्लोमाला घालणे म्हणजे कमीपणा आहे का?

नाही. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, त्यामुळे एकूण वर्षे तितकीच लागतात आणि मध्येच नोकरी करायची झाली तर हातात एक पूर्ण पात्रता असते. ज्या मुलाचे हात चालतात पण ज्याला दोन वर्षे एमसीक्यू सोडवत बसण्याचा कंटाळा आहे, त्याच्यासाठी शासकीय तंत्रनिकेतनातील जागा ही अकरावी सायन्सपेक्षा सरस आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कोल्हापूरच्या उद्योगांत डिप्लोमावाल्याला कोणी कमी लेखत नाही. कमी लेखले जाते ते लग्नाच्या बैठकीत आणि नातेवाइकांत.

कोणते दाखले केव्हा काढून ठेवावेत?

बारावीचे वर्ष सुरू होण्यापूर्वी, म्हणजे अकरावीच्या उन्हाळ्यात. जून महिन्यात सेतू केंद्रात आणि महा ई-सेवा केंद्रांत जी गर्दी असते, तीत उभे राहण्याची वेळ येऊ देऊ नये. वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, लागू असेल तेथे नॉन-क्रिमीलेअर (मागास प्रवर्गातील कुटुंब प्रगत गटात नसल्याचे प्रमाणपत्र) किंवा ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला), आणि विद्यार्थ्याचे आधारशी जोडलेले बँक खाते, एवढी तयारी बहुतेकांना पुरते.

यातील काही दाखले कायमचे असतात आणि काहींना मुदत असते. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावे लागते. जुलैमध्ये हातात असलेले प्रमाणपत्र त्यापूर्वीच संपत असेल तर ते चालत नाही. ईडब्ल्यूएसचा दाखला त्या त्या आर्थिक वर्षापुरता असतो. आयआयटी, एनआयटी किंवा अखिल भारतीय वैद्यकीय कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातील वेगळा दाखला काढावा लागतो, राज्याचा तेथे स्वीकारत नाहीत. एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) हा प्रवर्ग राज्याच्या कायद्यातील असल्यामुळे केंद्रीय प्रवेशांत त्याचा उपयोग होत नाही.

जात वैधता प्रमाणपत्राला इतका वेळ का लागतो?

कारण ही पडताळणी जुन्या पुराव्यांवर चालते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या मानीव दिनांकांपूर्वी आपले कुटुंब महाराष्ट्रात राहत होते आणि त्याची जात अमुक होती, हे कागदांवरून दिसावे लागते. आजोबा शाळेत गेले असतील तर गावच्या प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरमधील उतारा हा सर्वांत सोयीचा पुरावा असतो. ते शाळेत गेलेच नसतील, तर जन्म-मृत्यूच्या नोंदीचा गाव नमुना १४ शोधावा लागतो. तो तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतो, बऱ्याचदा मोडी लिपीत असतो, आणि मग जाणकाराकडून त्याचे लिप्यंतर करून घ्यावे लागते. वडिलांच्या बाजूच्या रक्तनात्यातील कोणाला आधीच वैधता मिळाली असेल, तर त्या प्रमाणपत्राची प्रत आणि वंशावळ जोडल्याने काम पुष्कळ हलके होते. चुलत्यांशी अबोला असेल तर तो यासाठी सोडलेला बरा.

सायन्सच्या विद्यार्थ्याचा अर्ज अकरावीतच महाविद्यालयामार्फत जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे जावा. एवढे सगळे काम सतरा वर्षांच्या मुलाने सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास सांभाळून करावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. गावाकडच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटणे आणि कपाटातील रजिस्टर काढायला लावणे हे मोठ्या माणसाचे काम आहे.

मार्कलिस्टवर वडिलांचे नाव एक आणि आधारवर दुसरे आहे. चालेल का?

आपल्या भागातील ही सर्वांत मोठी अडचण आहे. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर "बाळू", आधारवर "बाळासाहेब", सातबाऱ्यावर "बाळकृष्ण" आणि मुलाच्या दहावीच्या मार्कलिस्टवर पुन्हा "बाळासो" असा प्रकार घराघरांत दिसतो. गावात या चारही नावांना एकच माणूस ओ देतो, पण संगणकावर कागद तपासणाऱ्याला ते चार निरनिराळे इसम वाटतात. "गणपती" आणि "गणपत", "आक्काताई" आणि "अक्काताई" यांतूनही असेच अडते.

मूल शाळेत असेपर्यंत शाळेच्या रजिस्टरमधील दुरुस्ती तुलनेने सोपी असते. शाळा सोडल्यानंतर ती फार किचकट होते. म्हणून नववीत असतानाच सगळे कागद टेबलावर पसरून एक एक अक्षर जुळवून पाहावे. मुलाचे कागद शक्यतो एकसारखे करून घ्यावेत आणि वडिलांच्या नावातील फरकासाठी राजपत्रात नावाची नोंद करावी किंवा दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र तयार ठेवावे.

सीईटीला ९५ पर्सेंटाइल म्हणजे ९५ टक्के गुण का?

नाही. ९५ पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्यांपैकी सुमारे ९५ टक्के विद्यार्थी आपल्या बरोबरीला किंवा मागे आहेत. शेजारच्या मुलाला दुसऱ्या सत्रात तेवढ्याच गुणांवर वेगळे पर्सेंटाइल मिळाले, तर त्यात अन्याय झालेला नसतो, कारण प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते आणि तुलना त्या सत्रातील मुलांशी होते.

कटऑफची यादी कशी वाचावी?

सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मागील वर्षांच्या प्रत्येक फेरीच्या याद्या असतात. तेथे प्रत्येक कॉलेजच्या प्रत्येक शाखेखाली इंग्रजी संक्षेपांचे रकाने दिसतात. सुरुवातीचे अक्षर जी असेल तर ती सर्वसाधारण जागा आणि एल असेल तर मुलींसाठी राखीव. मधला भाग प्रवर्ग सांगतो. शेवटचे अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे त्या विद्यापीठाबाहेरचे, आणि एस म्हणजे राज्यपातळीवरची जागा. याचा अर्थ, सांगलीच्या वालचंद महाविद्यालयाचा एकच एक कटऑफ नसतो. आपल्या मुलीला लागू होणारा रकाना कोणता, हे आधी ठरवावे आणि तेवढाच पाहावा. निदान मागील तीन वर्षांचे आकडे एका वहीत शेजारी शेजारी लिहिले की कोणत्या शाखेची मागणी चढते आहे आणि कोणाची उतरते आहे हे ध्यानात येते. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या "अपेक्षित कटऑफ"च्या पीडीएफपेक्षा ही वही कितीतरी विश्वासार्ह असते.

इंजिनिअरिंगचा ऑप्शन फॉर्म (पसंतिक्रमाचा अर्ज) भरताना कोणते कॉलेज पहिले लिहावे?

जे सर्वांत जास्त हवे ते. या प्रश्नात पालकांचा गोंधळ सर्वाधिक होतो, म्हणून प्रक्रिया थोडी उलगडून सांगतो. संगणक गुणवत्ता यादीतील विद्यार्थी क्रमाने घेतो आणि प्रत्येकाचा फॉर्म वरून खाली वाचत जातो. ज्या पहिल्या पर्यायात त्याला त्या क्षणी जागा शिल्लक सापडते, ती त्याला दिली जाते. त्यामुळे वर अवघड पर्याय लिहिल्याने खालच्या पर्यायांवरील हक्क कमी होत नाही. "पुण्याचं सीओईपी पहिलं लिहिलं तर वालचंद हातचं जाईल" ही भीती निराधार आहे.

धोका दुसरीकडे आहे. २०२५-२६ च्या नियमांत पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणताही पर्याय मिळाला, तर ती जागा आपोआप पक्की होऊन विद्यार्थी पुढील फेऱ्यांतून बाहेर पडत असे. म्हणजे वरच्या जागी केवळ दिखाव्यासाठी लिहिलेले नाव गळ्यात पडू शकते. त्याच वेळी, खाली पुरेसे पर्याय न लिहिल्यामुळे रिकाम्या हाताने राहणारेही असतात.

ही यादी एका बैठकीत करू नये. मुलाने आधी आपली यादी कागदावर करावी, पालकांनी तिच्यात प्रत्येक नावापुढे वार्षिक फी, हॉस्टेलचा अंदाजे खर्च आणि मागील कटऑफ लिहावा, आणि दोन दिवसांनी पुन्हा एकत्र बसावे. एखादे नाव पालकांना अजिबात मान्य नसेल, तर ते आताच कारण सांगून काढावे. जागा मिळाल्यानंतर नकार देऊ नये. फॉर्म भरताना लॉगिन आणि पासवर्ड घरातच असावा, मोबाइल क्रमांक घरचाच द्यावा, आणि नेट कॅफेत भरला तरी कन्फर्म करण्यापूर्वी छापील प्रत घेऊन प्रत्येक कोड पुस्तिकेशी ताडून पाहावा. एका अंकाच्या फरकाने शाखा बदलते.

कॉलेजचे नाव महत्त्वाचे की शाखा?

मुलाला शाखेविषयी ठाम ओढ असेल तर शाखा, नसेल तर कॉलेज. फक्त कॉम्प्युटरच हवे म्हणून कोठेही जायला तयार असलेल्या मुलांना ती शाखा का हवी असे विचारले, तर निम्म्यांचे उत्तर "सगळे घेतात" एवढेच असते.

कॉलेज पाहायला जावे का? तेथे काय पाहावे?

जरूर जावे, आणि कामाच्या दिवशी जावे. गोकुळ शिरगावचे केआयटी, कसबा बावड्याचे डी. वाय. पाटील, वारणानगर, इचलकरंजीचे डीकेटीई, इस्लामपूरजवळचे राजारामबापू, कराडचे शासकीय अभियांत्रिकी ही सारी एका दिवसात जाऊन परत येण्याच्या अंतरावर आहेत. प्रवेश कक्षातील चहा घेऊन परत फिरू नये. मुलांना तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी एकटे बोलू द्यावे. आई-वडील शेजारी उभे असले की ती मुले मोकळेपणाने बोलत नाहीत. प्रयोगशाळेतील यंत्रांवर धूळ आहे की ऑइल, हे पाहिले तरी पुष्कळ कळते.

दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय यंत्रणांपैकी नॅकची श्रेणी संपूर्ण संस्थेची असते, तर एनबीएची मान्यता एकेका अभ्यासक्रमाला असते; आपल्याला हव्या असलेल्या शाखेला ती आहे का हे विचारावे. प्लेसमेंटच्या फलकावरील सर्वोच्च पॅकेज एका मुलाचे असते. एनआयआरएफ या केंद्राच्या क्रमवारीसाठी संस्थांनी दिलेली माहिती त्यांच्या संकेतस्थळावर ठेवलेली असते आणि तिच्यात किती विद्यार्थी पदवीधर झाले, किती जणांना नोकरी लागली आणि मध्यक वेतन किती होते, हे आकडे सापडतात.

कोल्हापुरातच शिकवावे की पुण्याला पाठवावे?

जी शाखा आणि जो दर्जा हवा तो येथे असेल, तर केवळ "पुणे" या नावासाठी खोली, मेस आणि प्रवासाचा खर्च करण्यात अर्थ नाही. इथे नसेल तर पाठवावे. ज्या शहरात शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे केले आणि पुढे वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांग लावली, त्या शहराला शिक्षणासाठी घर सोडणे नवे नाही. खेड्यापाड्यांतून मुले इथे येतच होती आणि आजही येतात.

मात्र एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे आवश्यक वाटते. एकाच घरात मुलासाठी पुणे आणि मुलीसाठी "घराजवळचं बघू" असे दोन नियम चालतात, आणि तिचे गुण जास्त असले तरी चालतात. तिने स्वतः कोल्हापूर निवडले असेल तर गोष्ट वेगळी. अन्यथा हॉस्टेल पाहून यावे, रेक्टरांशी बोलावे, येण्या-जाण्याची सोय ठरवावी आणि तिला जाऊ द्यावे.

खर्चाला कोणता आधार मिळू शकतो?

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील विद्यार्थ्याला व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात ५० टक्के सवलत मिळते. २०२४-२५ पासून त्याच उत्पन्न मर्यादेतील ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतील मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा असतो आणि तो दरवर्षी नव्याने पुढे चालू ठेवावा लागतो. "मुलींना शिक्षण मोफत" या मथळ्यावर विसंबून राहू नये, कारण विकास शुल्क, हॉस्टेल आणि मेस यांचा खर्च उरतोच. याशिवाय टीएफडब्ल्यूएस या योजनेत मंजूर जागांव्यतिरिक्त पाच टक्के जागा शिक्षण शुल्कमाफीच्या असतात. त्यांचे कोड ऑप्शन फॉर्ममध्ये वेगळे लिहावे लागतात, आणि ते न लिहिल्यामुळे पात्र असूनही अनेक जण मुकतात.

बँकेच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा घालावा लागत नाही आणि साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. शिक्षण सुरू असताना हप्ता नसला तरी व्याज चढत असते. तेवढे व्याज दरमहा भरता आले तर पुढचे ओझे हलके होते. शेत किंवा घर विकून फी भरण्याचा विचार करणाऱ्यांनी आधी बँकेत जाऊन यावे.

एक ओळखीचे गृहस्थ "सीट काढून देतो" म्हणतात. विश्वास ठेवावा का?

ठेवू नये. केंद्रीय प्रक्रियेतील जागा कोणालाही काढून देता येत नाही, आणि कॅपिटेशन फी घेणे महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. मॅनेजमेंट कोट्यातून अधिकृतपणे प्रवेश घ्यायचा असेल तर अर्ज थेट संस्थेकडे करावा आणि प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी. शुल्क नियामक प्राधिकरणाने त्या कॉलेजसाठी ठरवलेली फी संकेतस्थळावर पाहता येते. केंद्रीय प्रक्रियेबाहेरून घेतलेल्या जागेला वरील शुल्क सवलत मिळत नाही, हा हिशेबही त्याच वेळी करावा.

आर्ट्स किंवा कॉमर्सच्या मुलांनाही सीईटी द्यावी लागते का?

अनेक अभ्यासक्रमांसाठी द्यावी लागते. बीबीए, बीसीए, बीएमएस यांसाठी २०२४ पासून राज्याची सीईटी आहे, आणि हे माहीत नसल्याने निकालानंतर थेट कॉलेजात जाऊन परत फिरणारे पालक अजूनही दिसतात. पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाला वेगळी सीईटी आहे. कोल्हापुरात १९३३ पासून शहाजी लॉ कॉलेज आहे, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच येथे सुरू झाल्यामुळे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची उच्च न्यायालयातील कामे इथे चालतात. उच्च न्यायालयात वकिली करण्यासाठी मुंबईत बस्तान बसवायला हवे, ही या भागातील तरुण वकिलांची जुनी अडचण त्यामुळे बरीच कमी झाली आहे. "काही नाही जमलं तर आर्ट्स" असे म्हणणाऱ्यांनी या बदलाकडे लक्ष द्यावे.

यंदा हवे ते मिळाले नाही तर ड्रॉप घ्यावा, म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा द्यावी का?

मुलाने स्वतः मागितला, मागील प्रयत्नात नेमके कोठे कमी पडले हे त्याला सांगता आले, आणि हाताशी एक दुसरी वाट राखून ठेवलेली असली, तर एका वर्षाचा विचार करता येतो. इंजिनिअरिंगच्या राष्ट्रीय परीक्षांपैकी जेईई मेन सलग तीन वर्षे आणि जेईई ॲडव्हान्स्ड सलग दोन वर्षेच देता येते. नीटला सध्या अशी मर्यादा नाही, आणि त्यामुळेच तेथे वर्षामागून वर्षे जातात. पालकांच्या इच्छेने घेतलेला दुसरा ड्रॉप मी तरी कोणाला सुचवणार नाही.

एका कॉलेजात प्रवेश घेतल्यावर दुसरीकडे चांगली जागा मिळाली. फी आणि ओरिजिनल कागद परत मिळतात का?

जाहीर केलेल्या अंतिम मुदतीच्या आत प्रवेश रद्द केला, तर १,००० रुपयांपर्यंत प्रक्रिया शुल्क वजा करून फी परत करावी लागते. मुदत उलटल्यावर मात्र मोठी रक्कम अडकते. रद्द करण्याचा अर्ज पोर्टलवरून करावा आणि त्याची पोच घ्यावी, फोनवर सांगून थांबू नये. मूळ प्रमाणपत्रे पडताळणीपुरती पाहून परत द्यावीत आणि स्वतःकडे अडकवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच बजावले आहे, तेव्हा कोणी कागद देण्यास नकार दिल्यास लेखी कारण मागावे. टीसी मात्र कॉलेजात जमा होते. म्हणून मूळ टीसी देण्यापूर्वी तिच्या पाच-सहा साक्षांकित प्रती काढून घराच्या फाइलमध्ये ठेवाव्यात.